आधी ‘मका’, मग ‘ङ’

शेजारची पहिलीतली मुलगी बाराखडी घडाघडा म्हणते. एकदा तिच्यापुढे नुसता ‘पि’ लिहून ठेवला. ती गप्प. मग ओठ हलले, ‘प, पा, पि...’, आणि ती एकदम म्हणाली, “पि!” बाराखडी तोंडपाठ होती, पण वेलांटीशी ओळख झालेली नव्हती.

आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचलेली आहे. कंठातला क-वर्ग आधी, ओठांवरचा प-वर्ग शेवटी. रचना देखणी, यात वाद नाही. पण याच क्रमाने शिकवायला बसलं की पाचवं व्यंजन येतं ‘ङ’. ते लागतं ‘वाङ्मय’ लिहायला. सहा वर्षांच्या पोराला त्याची काय घाई?

त्यात मात्रा-वेलांट्या. बाराखडीतच चारशेच्या वर रूपं होतात, जोडाक्षरं निराळीच. पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. ‘सूर्य’मधला र तर य च्या डोक्यावर जाऊन बसतो. वाचन-संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की अशा लिपीतली अक्षरं शिकणं पहिलीत आटपत नाही, ते तिसरी-चौथीपर्यंत चालतं. पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांच्या वाचन-लेखनावर झालेल्या ‘लिरिल’ या अभ्यासातही तिसरीतली बरीच मुलं साध्या शब्दांशी अडखळताना दिसली. तिथे आधी सगळी मुळाक्षरं आणि मग स्वरचिन्हं, असा क्रम होता.

मग करायचं काय? म, क, ल आणि काना, एवढंच घ्या. ‘काका’, ‘मामा’, ‘काल’, ‘कमाल’ तयार. पुढच्या गटात दोन-तीन अक्षरं आणि वेलांटी. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी अशाच अक्षरगटांची वाट धरली होती.

मात्र अक्षरं जुळवून भागत नाही. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र गुणाकाराचं आहे: समजून वाचणं म्हणजे अक्षर-उकल (लिहिलेलं ओळखून उच्चारणं) गुणिले भाषेची समज. एक शून्य, तर उत्तर शून्य. मराठीत याचा प्रत्यय लगेच येतो. मूल ‘म-ग-र’ असं सुटं वाचतं. शेवटच्या ‘र’मधला अ गिळायचा असतो, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. गोष्टीत मगर भेटलेली असेल, तर शब्द चटकन जुळतो. म्हणून वाचता येण्याआधीपासून मुलांना भरपूर वाचून दाखवायचं.

परवा त्या मुलीला चिठ्ठी दिली: ‘मामा, मला मका.’ तिने बोट ठेवत वाचली, थांबली आणि विचारलं, “भाजलेला की उकडलेला?”