‘सेफ’ कानातली झिजलेली ऐरण

“पडद्याला भोक आहे, पण घाबरू नका, सेफ कान आहे.” कान फुटलेल्या पेशंटला हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. ते ऐकून माणूस निश्चिंत होतो, कान वाहायला लागला की थेंब घालतो, थांबला की विसरतो. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या हाडांची साखळी आवाज आत पोहोचवते. याच ‘सेफ’ कानात ऐरणीचे खालचे टोक झिजून रिकिबीपासून सुटलेले असू शकते. दहा-पंधरा वर्षांनी ऑपरेशनच्या टेबलावर ते दिसते, तेव्हा पेशंटचा पहिला प्रश्न असतो, “मग सेफ कसला होता?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

हातोडा आणि ऐरण ही नावे 1543 मध्ये छापील शरीरशास्त्रात आली. त्यांच्यापेक्षा लहान असलेली, जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची रिकीब 1546 च्या सुमारास नेपल्समध्ये सापडली. मधली तीन शतके या हाडांचा अभ्यास प्रामुख्याने शवविच्छेदनाच्या टेबलावर झाला. जिवंत माणसाच्या कानात शस्त्र घेऊन शिरण्याची पद्धत जर्मनीत 1873 नंतर बसली, आणि तेव्हाचा हेतू एकच होता: पू मेंदूपर्यंत पोहोचू द्यायचा नाही. कानामागचे हाड कोरायचे, पू वाहता करायचा. 1890 च्या आसपास ‘रॅडिकल’ ऑपरेशन आले. त्यात मधला कान साफ रिकामा करत, पडद्याचे अवशेष, हातोडा आणि ऐरण सगळे काढून टाकत. किडलेल्या दातासाठी वापरला जाणारा ‘कॅरीज’ हाच शब्द या हाडांनाही लावला जाई. सडलेली वस्तू ठेवायची कशाला, हा त्यामागचा विचार. त्या डॉक्टरांना दोष देता येणार नाही. कानाच्या पुवातून मेंदूत गळू झालेला माणूस तेव्हा बहुधा वाचत नसे. जीव आणि ऐकू येणे यांत निवड करायची वेळ आली, तर कोणीही जीवच निवडेल. 1910 मध्ये, ज्या कानात पडदा आणि हाडे शाबूत आहेत तिथे ती राखण्याची पद्धत मांडली गेली, पण तिचा खरा काळ नंतर आला.

‘सेफ’ आणि ‘अनसेफ’ ही विभागणी याच भीतीच्या भाषेतली आहे. पडद्याच्या ताणलेल्या भागात मधोमध भोक असेल तर सेफ. वरच्या कोपऱ्यात किंवा अगदी कडेला भोक असेल, आत कातडी शिरून पांढरा पापुद्र्यांचा गोळा साठत असेल तर अनसेफ. त्या गोळ्याला 1838 मध्ये कोलेस्टेटोमा हे नाव मिळाले. नावातून कोलेस्टेरॉलची गाठ असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात ती ट्यूमर नाही आणि कोलेस्टेरॉल ही तिची ओळख नाही. भलत्या जागी वाढलेली ती कातडी आहे. नाव बदलण्याच्या सूचना झाल्या, पण जुनेच टिकले.

ही विभागणी एका प्रश्नाचे उत्तर देते: हा आजार मेंदू, चेहऱ्याची नस किंवा आतला कान गाठेल का? त्या प्रश्नापुरती ती उपयोगी होती. पण हाडांचे काय होईल, हे त्यात कोणी विचारलेच नव्हते. कोलेस्टेटोमात हाडे जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात झिजतात, हे खरे. पण नुसत्या सुजेच्या, वर्षानुवर्षे अधूनमधून वाहणाऱ्या साध्या भोकाच्या कानातही ती झिजतात. जीवाला धोका नाही म्हणून दिलेला शब्द ‘नुकसान नाही’ असा ऐकला गेला, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महाग पडलेला गैरसमज हाच आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता ‘म्यूकोसल’ (मधल्या कानाच्या ओल्या अस्तराचा) आणि ‘स्क्वॅमस’ (कातडीचा), आणि त्यापुढे ‘सक्रिय’ की ‘निष्क्रिय’, अशी नोंद होते. हे शब्द आजार कुठल्या आवरणाचा आहे आणि तो चालू आहे का, एवढेच सांगतात. कोणतेही आश्वासन देत नाहीत, आणि तेच त्यांचे बळ आहे.

‘हाड सडले’ या शब्दाचीही अशीच गत. तिन्ही हाडांत ऐरणीचा लांब दांडा, त्यातही रिकिबीला टेकणारे टोक, सर्वांत आधी जाते. त्यानंतर बहुधा रिकिबीच्या कमानीची पाळी येते. हातोडा पडद्यात रुतलेला आणि चांगला रक्तपुरवठा असलेला, म्हणून तो जास्त टिकतो. रिकिबीचा तळवा तर सहसा शाबूत राहतो. ऐरणीचे टोकच का, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर होते की तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, तो आटला की हाड मरते. कोलेस्टेटोमाच्या बाबतीत म्हणायचे की गोळ्याच्या दाबाने हाड मरते. दोन्ही उत्तरांत हाड मेलेले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांना मात्र वेगळेच चित्र दिसत गेले. झिजणाऱ्या हाडाला लागून सुजलेली, रक्तवाहिन्यांनी भरलेली ऊती असते, आणि ती जिवंत हाड कडेकडेने खात असते. 1970 च्या आसपास कोलॅजन तोडणाऱ्या एन्झाइमवर भर होता. पुढे हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी आणि त्यांना चेतवणारे सुजेचे रासायनिक संदेश पुढे आले. दाबाची बाजू मांडणारे आजही आहेत, आणि रक्तपुरवठा व बारीक आकार यांमुळे ते टोक आधीच नाजूक असते हेही कोणी नाकारत नाही. पण झीज चालू राहते ती सुजेमुळे, असे मला पुराव्यावरून वाटते. सडलेल्या वस्तूला उपाय नसतो. सूज मात्र आटोक्यात आणता येते, कान कोरडा ठेवता येतो.

झिजलेला भाग परत उगवत नाही. म्हणून 1950 चे दशक निर्णायक ठरले. प्रतिजैविकांनी मेंदूपर्यंत पोहोचणारे संसर्ग कमी केले होते, आणि 1953 मध्ये कानासाठी सोयीचा ऑपरेशनचा मायक्रोस्कोप बाजारात आला. जर्मनीत दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे टिंपॅनोप्लास्टी, म्हणजे पडदा आणि ऐकण्याची यंत्रणा पुन्हा बांधण्याचे ऑपरेशन, मांडली, आणि 1956 मध्ये तिचे पाच प्रकार लिहिले गेले. उरलेल्या हाडांनुसार नवा पडदा कुठे टेकवायचा, हे त्या प्रकारांचे सूत्र. रिकामा करायचा कान पहिल्यांदाच पुन्हा बांधायचा कान झाला. 1957 मध्ये स्वीडनमधून पेशंटचीच ऐरण घासून पुन्हा बसवण्याची पद्धत आली.

ते काम जवळून असे असते. पडदा उचलला की ऐरणीच्या टोकाच्या जागी पुष्कळदा नुसता करडा धागा दिसतो. बारीक सुईने हातोडा हलवतात आणि रिकिबीकडे बघतात. ती हलली नाही, की साखळी तुटली. मग उरलेली ऐरण बाहेर काढून हिऱ्याच्या बरने (ड्रिलच्या बारीक फिरत्या टोकाने) घासतात, एका टोकाला रिकिबीच्या डोक्याएवढा खळगा, दुसरीकडे हातोड्याच्या दांड्यासाठी खाच. ही साखळी दुरुस्त न करता नुसते भोक बुजवले, तर ऐकू येणे उलट घटू शकते. कारण भोकातून थेट आत जाणारा आवाजही अडतो. शाबूत पडद्यामागे साखळी तुटलेली असेल, तर तोटा 60 डेसिबलपर्यंत जातो. नुसत्या भोकाचा तोटा 40 च्या पुढे सहसा जात नाही, म्हणून त्याहून मोठा आकडा आला की हाडांवर संशय घ्यावा.

याच्या उलटही घडते. ऐरण गेलेली असते, पण कोलेस्टेटोमाचा गोळाच पूल होऊन आवाज पोहोचवत राहतो. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, चांगला येतो. आजार काढला की ऐकू येणे कमी होते आणि पेशंटला वाटते, ऑपरेशनने बिघडवले. हे आधी समजावून सांगायलाच हवे.

पुढची दशके साहित्याच्या शोधात गेली. मृत व्यक्तींची हाडे वापरून झाली, पण 1980 च्या दशकात संसर्गाच्या भीतीने ती मागे पडली. छिद्रांचे प्लास्टिक पडद्यातून बाहेर पडू लागले, तेव्हा वर कूर्चेचा तुकडा ठेवू लागले. मग हाडातल्या खनिजासारखे हायड्रॉक्सिअपॅटाइट, 1990 च्या दशकात टायटॅनियम. निकालावर मात्र धातूपेक्षा रिकिबीची कमान आणि हातोडा उरलेत का, आणि कान कोरडा आहे का, यांचा प्रभाव जास्त दिसतो. 1971 मध्ये आलेली एक वर्गवारी ऐरण गेलीच आहे असे धरून नेमके हेच विचारते: हातोड्याचा दांडा आहे का, रिकिबीची कमान आहे का.

2018 मध्ये कानाच्या ऑपरेशनच्या नोंदीसाठी जी आंतरराष्ट्रीय अक्षरपद्धती मांडली गेली, तिच्यात हाडांच्या साखळीला स्वतःचे अक्षर आहे. कित्येक केसपेपरवर त्या जागी अजून ‘सेफ’ एवढेच लिहिलेले असते.