तोंडाची निगा आणि परिचर्या-नोंद : पार्श्वभूमी

‘माउथ केअर दिले’ ही ओळ परिचर्या-नोंदीत जुनी आहे. परिचारिकेने काय केले ते ती सांगते. रुग्णाचे तोंड कसे आहे, ते सांगत नाही. ही उणीव भरून काढणारे एक तपासणीपत्रक १९८८ मध्ये अमेरिकेत, केमोथेरपीने तोंड सोलवटलेल्या रुग्णांसाठी, परिचारिकांनीच प्रसिद्ध केले. आवाज, गिळणे, ओठ, जीभ, लाळ, आतले अस्तर, हिरड्या आणि दात अथवा कवळी या आठ बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण होते. बेरीज ८ म्हणजे निरोगी तोंड, २४ म्हणजे सर्वांत वाईट अवस्था. वृद्धाश्रमांतील रहिवाशांसाठी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या पत्रकात दातदुखी आणि तोंडाची स्वच्छता यांनाही स्वतंत्र जागा मिळाली.

अतिदक्षता विभागाची वाट मात्र वेगळी झाली. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रावणाने श्वसनमार्गाचे संसर्ग कमी होतात, असे १९९६ मध्ये दिसून आले, आणि २०१० मध्ये व्हेंटिलेटरवरील रुग्णांच्या काळजीसंचात, म्हणजे एकत्रितपणे करायच्या ठराविक उपायांच्या यादीत, हे औषध रोजच्या मौखिक निगेचा भाग म्हणून समाविष्ट झाले. हेतू चांगला होता, पण नोंदीचे त्यात नुकसानच झाले, असे म्हणावे लागते. औषध फिरवले की रकान्यात टिकची खूण होई. लाळ सुकली आहे का, नळीच्या दाबाने ओठाच्या कोपऱ्यात जखम झाली आहे का, हे लिहिण्याचे निमित्तच उरले नाही. पुढे २०१४ च्या फेरविश्लेषणात हृदयशस्त्रक्रियेखेरीज इतर रुग्णांना ठोस लाभ आढळला नाही, उलट मृत्युदर वाढत असावा अशी शंका निघाली. ती आजही वादग्रस्त आहे. तरीही २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी क्लोरहेक्सिडिन वगळून ब्रशने दात घासणे आवश्यक ठरवले. ज्या तक्त्यांत औषधाच्या नावाचाच रकाना छापला होता, त्यांच्यापुढे मग लिहायचे काय, हा प्रश्न आला. तोंडाच्या स्थितीचा रकाना असता, तर औषध बदलूनही तक्ता तसाच चालला असता.

कोल्हापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. निपाणीचा तंबाखूपट्टा शेजारीच आहे आणि खेड्यांतून येणाऱ्या वयस्क स्त्रियांत मशेरीची सवय अजून आढळते. गुटख्यावर २०१२ मध्ये राज्यात बंदी आली, मशेरी मात्र घरच्या तव्यावरच भाजली जाते. अशा तोंडात पांढरा चट्टा दिसला, तर ‘जिभेवर पांढरे’ एवढे लिहून भागत नाही. गॉजने पुसल्यावर थर निघाला तर बुरशीचा संशय येतो. न निघणारा चट्टा दंतवैद्याला दाखवावा लागतो. त्यामुळे थर कोठे आहे, पुसून निघाला का आणि मशेरीची सवय किती वर्षांची, हे दाखल होतानाच्याच नोंदीत हवे. एरवी तोच चट्टा आठवड्याने कोणाच्या नजरेस पडला, तर तो आधीपासून होता की रुग्णालयात आल्यावर उद्भवला, हे ठरवायला कागदावर काहीच सापडत नाही. कवळीचेही तसेच आहे : काढून नातेवाइकांकडे दिली की डबीत ठेवली, हे पाळी बदलताना लिहिलेले नसेल, तर ती हरवते आणि रुग्ण घरी जाईपर्यंत पेजेवर राहतो.