उपासना-गायकांची घडण (ग्रामीण विदर्भ)

ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सामुदायिक भक्तीत गीत उचलून देणाऱ्या गायक-वादकांना आत्मिक आणि गायकी अशा दोन्ही अंगांनी तयार करण्याची प्रथा. विदर्भातील खेड्यांत या गटाला जुनी माणसे ‘भजनी मंडळ’ किंवा ‘क्वायर’ म्हणतात, तरुण मुले ‘वर्शिप टीम’ म्हणतात.

प्रथेचा शास्त्राधार सामान्यतः बायबलच्या जुन्या करारातील लेवी (मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशातील) गायकांकडे नेला जातो. पहिला इतिहास 25:7 मध्ये परमेश्वराच्या गायनात शिकवून तयार केलेल्या 288 जणांची नोंद आहे. आसाफ, हेमान व यदूथून ही त्यांच्या प्रमुखांची नावे. त्याच ग्रंथातील 15:22 मधल्या कनन्याबद्दल मात्र मतभेद आहेत. तेथील ‘मस्सा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘ओझे वाहणे’ असाही होतो आणि ‘आवाज उचलणे’ असाही. त्यामुळे कनन्या देवाच्या कराराच्या कोशाच्या (पवित्र पेटीच्या) वाहतुकीवर नेमलेला होता, असे काही अभ्यासक मानतात. परंपरेने त्याला गायनशिक्षक मानले आहे. याच अध्यायाच्या 27 व्या वचनात त्याचे नाव पुन्हा गायकांच्या सोबतीने येते, हे लक्षात घेता दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. शिवाय तो ‘निपुण होता म्हणून’ नेमला गेला, हे कारण मजकुरातच आहे. भक्तिभाव असला की सूर आपोआप लागतो, असे म्हणणाऱ्यांनी हे वचन पुन्हा वाचावे.

मराठी मंडळीत देशी चालींवर गाण्याची सुरुवात पुष्कळदा कवी ना. वा. टिळकांच्या (1861–1919) नावावर घातली जाते. त्यांच्या गीतांनी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाला जे रूप दिले ते निर्विवाद आहे. तथापि त्यांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मदीक्षा) 1895 चा आहे, आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे ख्रिस्ती कीर्तन बहुधा 1860 च्या दशकातच उभे राहिले होते. तेव्हा आरंभाचा मान सांगळ्यांकडे आणि विस्ताराचा टिळकांकडे देणे सयुक्तिक ठरते. टिळक काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्याकडे होते. पण तो काळ बाप्तिस्म्यापूर्वीचा, म्हणून त्यावरून विदर्भातील मंडळीगायनाशी त्यांचे नाते जोडणे घाईचे होईल. विदर्भात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरास आले. पुढे वऱ्हाडात अकोल्याच्या बाजूला अलायन्स मिशन आणि यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशन रुजले. यवतमाळ येथे 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था होती. ती 1983 मध्ये पुण्यास गेली. उत्तर भारताच्या मंडळीची (सी.एन.आय.) स्थापनाही 1970 मध्ये नागपुरातच झाली.

मिशनऱ्यांबरोबर आलेल्या चाली आणि मराठी शब्द यांचा मेळ हा गायक घडवण्यातला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. इंग्रजी गीतातील चरण पुष्कळदा आघात नसलेल्या अक्षरापासून सुरू होतो, आणि ठोका दुसऱ्या अक्षरावर पडतो. ‘प्रभू’ हा शब्द लघू-गुरू (आधी ऱ्हस्व, मग दीर्घ) असल्याने तेथे नीट बसतो. ‘येशू’, ‘देवा’, ‘तारण’ हे शब्द पहिल्याच अक्षराला दीर्घ आहेत. ते अशा चालीत घातले की ‘ये-शूऽ’ असे ओढले जातात आणि शब्द मोडतो. अभंगात ही अडचण येत नाही. थोरल्या अभंगाची 6-6-6-4 अक्षरांची रचना आणि आठ मात्रांचा भजनी ठेका खेड्यातल्या कानाला लहानपणापासून ओळखीचा असतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाच्या या मुलखात तर विशेषच. म्हणून नवख्या गायकाची सुरुवात अभंगाच्या चालीवरून करावी आणि पाश्चात्त्य चाल नंतर द्यावी, हा क्रम योग्य दिसतो.

दुसरा कळीचा भाग पट्टीचा, म्हणजे षड्ज (सा) किती उंचीवर धरायचा याचा. मोबाइलवर ऐकलेले गीत मूळ गायकाच्याच पट्टीत म्हणण्याचा हट्ट हे घसा बसण्याचे मोठे कारण आहे. पुरुषांना पेटीची काळी एक (पहिली काळी पट्टी) सोयीची, स्त्रियांना काळी चार किंवा पाच. मंडळी मिश्र असल्याने गीताची चाल कोठून कोठे फिरते ते आधी पाहावे लागते. मंद्र (खालच्या सप्तकातील) पंचमापासून मध्य पंचमापर्यंत फिरणाऱ्या चालीला षड्ज वर घेता येतो. षड्जापासून तार (वरच्या सप्तकातील) षड्जापर्यंत जाणारीला तो खाली घ्यावा लागतो. पेटीवाल्याने गीतापुढे पट्टी पेन्सिलीने लिहून ठेवावी. गीत उचलणाऱ्याला आरामात झेपणारा वरचा स्वर मागच्या सतरंजीवरील आजीला झेपत नसेल, तर पट्टी चुकली असे समजावे.

वऱ्हाडी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. गीतात मात्र प्रमाण उच्चार अपेक्षित असतो. ण आणि ळ यांचा सराव जरूर घ्यावा, पण चारचौघांत हसून नव्हे. मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगताना, तीच व्यक्ती ‘देवानं मले वाचवलं’ म्हणते तेव्हा त्या ‘मले’त काहीही कमी नसते.

आत्मिक घडणीची वेगळी पद्धत क्वचितच लिहिली गेली आहे. आढळते ती अशी: सरावाआधी गीताचे शब्द चालीशिवाय, गद्यासारखे मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येकाने एका ओळीचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन, या प्रेषित पौलाच्या म्हणण्याला (1 करिंथ 14:15) हे धरून आहे, आणि याचा फायदा गळ्यालाही होतो. अर्थ कळलेला गायक श्वास शब्दाच्या मधे तोडत नाही. येथे दोन्ही अंगे एकच होतात, म्हणूनच ‘आधी भक्ती, मग गाणे’ अशी विभागणी प्रस्तुत नोंदीत मान्य केलेली नाही.

खेड्यातील गट म्हणजे पुष्कळदा चुलतभाऊ, जावा आणि शेजारी. ज्यांच्या शेताचा धुरा (बांध) एक, त्यांचे धुऱ्याचे भांडणही एक, आणि रविवारी माइकही एकच. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही मत्तय 5:23-24 मधील आज्ञा अशा ठिकाणी सरावाचा पहिला धडा ठरते. दोघे एकमेकांकडे न बघता गात असतील तर ठेका धावतो. तबलजीला हे सगळ्यांआधी कळते.

सरावाचा काळ शेतीवर ठरतो. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालू असताना धुळीने घसा धरलेला असतो. त्या आठवड्यांत वरच्या सुरांऐवजी वाचन, ताल आणि हलका खर्ज (खालचे सूर) घ्यावा. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर पऱ्हाटीत वाकलेल्या बाईला रात्री उभे करून गायला लावू नये. भिंतीला टेकून, पाय पसरून बसवावे, पाणी द्यावे आणि श्वास छातीऐवजी पोटातून येतो का, हे तिने स्वतःच पोटावर हात ठेवून पाहावे. नाताळच्या कॅरल फेऱ्या याच थंडीत येतात, तेव्हा रोजच्या फेरीत पुढाकार घेणारा आवाज बदलत ठेवणे हिताचे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर आल्याच्या काढ्यावर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

मेळघाटातील कोरकू आणि पूर्व विदर्भातील गोंडी भाषिक मंडळ्यांत गायन त्या त्या भाषांतही चालते; तेथे शब्दांचे आणि लयीचे नियम वेगळे असल्याने वरील छंदविचार जसाच्या तसा लागू करू नये. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांना सर्वत्र काही महिने खंजिरी किंवा टाळ देतात आणि आवाज स्थिरावल्यावर पुन्हा गाण्यात घेतात.