डेव्ही क्रॉकेट

(१७ ऑगस्ट १७८६ – ६ मार्च १८३६). अमेरिकेतील टेनेसीच्या सरहद्दीवरचा शिकारी, सैनिक आणि काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य. लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची रॅकूनच्या कातड्याची टोपी. त्याचे राजकारण मात्र जमिनीभोवती फिरले.

वडील कर्जबाजारी. बाराव्या वर्षीच त्याला गुरे हाकायला व्हर्जिनियाला धाडले. क्रीक या मूलनिवासी लोकांनी फोर्ट मिम्स या गढीत केलेल्या हत्याकांडानंतर १८१३ मध्ये तो ९० दिवसांच्या बोलीवर त्यांच्याविरुद्धच्या युद्धात टेहळणीवर गेला.

हातात ठासणीची लांब बंदूक असे. दारू मोजून नळीत ओतायची, चरबी माखलेल्या चिंधीतली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासायची, मग कानाशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्राशी, रंजक (पेट घेणारी थोडी दारू) घालायची. रंजक दमट झाली की ठिणगी पडूनही बार उडत नसे. गोळी तळाला टेकली नाही, तर नळी फुटण्याची भीती.

१८२१ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात गेला आणि त्याच वर्षी शोल क्रीक या ओढ्याच्या पुरात त्याची गिरणी वाहून गेली. पुढे पिंपांच्या सुमारे ३०,००० फळ्या दोन सपाट पडावांतून मिसिसिपीने न्यायचा बेत केला. पडाव एकमेकांना बांधल्यामुळे वळवता येईनात. मेम्फिसच्या वर ते वाहत्या ओंडक्यांच्या ढिगात घुसले. पडावावरच्या कोठडीच्या अरुंद भोकातून सोबत्यांनी त्याला ओढून काढले, अंगाची साले निघाली.

१८२७ मध्ये तो काँग्रेसवर निवडून आला. पश्चिम टेनेसीत गरीब लोक रान तोडून शेत करत. जुनी सनद घेऊन कोणी आला की वहिवाट जाई. उरलेली सरकारी जमीन राज्याला न देता थेट कसणाऱ्यांना द्यावी, ही क्रॉकेटची मागणी. राज्य ती विकेल आणि किंमत गरिबाला झेपणार नाही, हे त्याला कळत होते. यावरून टेनेसीचाच सदस्य जेम्स पोक व राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या गटाशी त्याचे बिनसले. मूलनिवासींना हुसकावणाऱ्या १८३० च्या कायद्याला विरोध करणारा टेनेसीचा तो एकटाच सदस्य. क्रीक युद्धात लढलेल्या माणसाचे हे मत वजनदार आहे.

१८३५ मध्ये २५२ मतांनी हरल्यावर तो टेक्सासला निघाला. तिथेही ओढ जमिनीचीच होती. तिथल्या अलामो या गढीला मेक्सिकोच्या सैन्याने घातलेल्या १३ दिवसांच्या वेढ्यात तो मारला गेला. लढताना की पकडल्यावर, यावर वाद आहे. जमिनीचे विधेयक त्याचा मुलगा जॉन वेस्ली याने १८४१ मध्ये मंजूर करून घेतले.