गट गेला, सातबारा नाही गेला

गाव महापालिकेत गेलं किंवा नगरपंचायत झालं, की एक अफवा हमखास उठते: "आपला गट रद्द झाला, आता सातबारा बंद, तालुकाही बदलणार." गट कधी कधी खरंच जातो, पण त्यामुळे सातबारा आपोआप बंद होत नाही, की तालुका बदलत नाही.

सगळा घोळ 'गट' या शब्दाचा. सातबाऱ्यावरचा गट नंबर तुमच्या जमिनीच्या तुकड्याचा असतो. जिल्हा परिषदेचा गट म्हणजे निवडणुकीसाठी नकाशावर मारलेली रेघ. एका गटातून जिल्हा परिषदेवर एक सदस्य जातो, आणि त्याच गटाचे दोन गण पाडून पंचायत समितीचे दोन सदस्य निवडतात. ही रचना १९६१ च्या जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायद्यातली. जिल्हा परिषद कारभार पाहते तो फक्त ग्रामीण भागाचा. गाव शहरी हद्दीत गेलं की ते गटातून आपोआप वगळलं जातं. उरलेल्या गावांची मग नव्याने जुळवाजुळव होते, आणि जुना गट कधी कधी नावासकट नाहीसा होतो. (माजी सदस्याच्या गाडीवरची पाटी मात्र टिकते!)

पुण्याजवळच्या वाघोलीचंच बघा. ३० जून २०२१ रोजी २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात तीही होती. ग्रामपंचायत संपली, घरपट्टीऐवजी महापालिकेचा मिळकतकर आला, जिल्हा परिषदेसाठीचं मतदानही थांबलं. पण त्यामुळे वाघोली हवेली तालुक्यातून बाहेर पडली नाही. कारण तालुका आणि सातबारा महसूल खात्याचे, गट-गण निवडणुकीपुरते. शेताच्या फेरफाराची, म्हणजे मालकी वगैरे बदलल्याची, नोंद आजही तलाठ्याकडेच (पदाचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी').