गुझेंग की गुचिन? नवी रचना बसवण्याच्या दोन वेगळ्या वाटा

‘आडवं ठेवून वाजवायचं चिनी तंतुवाद्य’ असं म्हटलं की दोन वाद्यं एकाच नावाखाली येतात. गुझेंगला साधारणपणे 21 तारा असतात आणि प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी घोडी, म्हणजे तारेला उचलून धरणारा छोटा टेकू. गुचिनला ताराच 7, अशा घोड्या नाहीत, आणि पटाच्या कडेने स्वरस्थानं दाखवणारे 13 ठिपके जडवलेले. हे दिसायचे फरक झाले. खरा फरक नवी रचना बसवायला घेतली की कळतो.

गुझेंगची स्वरलिपी आपल्याला लगेच समजते. 1 म्हणजे सा, 2 म्हणजे रे. अंकावर बिंदू असेल तर वरचं सप्तक, अंकाखाली रेघ असेल तर अर्धी मात्रा. नेहमीच्या मिळवणीत सा रे ग प ध एवढेच स्वर तारांवर असतात, म्हणजे आपला भूप रागच. मध्यमाला स्वतःची तार नाही. उजवा हात गंधार छेडतो आणि डावा हात घोडीच्या डावीकडे तीच तार दाबून स्वर चढवतो. निषाद असाच धैवतातून काढायचा, फक्त दाब बराच जास्त लागतो. हा दाब बोटांना नेमका कळेपर्यंत स्वर बेसूरच लागतो.

थोडक्यात, सूर आणि लय कागदावर तयार असतात, मेहनत हाताची. बोटांना चिकटपट्टीने बांधलेल्या नख्या, अंगठ्याने एकाच तारेवर अखंड काढायचा कंप, दोन्ही हातांचा मेळ. रचना मध्येच षड्ज बदलत असेल तर घोड्याही सरकवाव्या लागतात.

गुचिनचं सगळं उलट आहे. तिथली जुनी लिपी सूर सांगतच नाही, ती हाताची हालचाल सांगते. चिनी अक्षरांचे तुकडे जोडून केलेल्या एकाच चिन्हात अशी आज्ञा असते: डाव्या अंगठ्याने नवव्या ठिपक्यापाशी सातवी तार दाबा, उजव्या तर्जनीने ती बाहेरच्या दिशेला छेडा. पुढच्या चिन्हात दाबलेलं बोट कुठवर घसरवायचं ते, म्हणजे आपली मींड. पण तो स्वर किती वेळ धरायचा? ते लिहिलेलं नसतं. क्वचित ‘जलद’ किंवा ‘जरा थांबा’ अशी सूचना मिळते, एवढंच. फार जुन्या पोथ्यांत बोटाची जागाही मोघम असते, त्यामुळे कधी स्वराबद्दलच शंका उरते.

अशा पोथीतून लय शोधून रचना पुन्हा उभी करण्याला दापू म्हणतात. वादकांत म्हण आहे: लहान रचनेला तीन महिने, मोठीला तीन वर्षं. 1425 च्या ‘शनची मीपू’ या संग्रहातली ‘क्वांगलिंग सान’ ही प्रदीर्घ रचना गुचिनवादक क्वान फिंगहू (1897–1967) यांनी अशीच पुन्हा वाजती केली. दोन जाणकारांनी एकाच पोथीवर काम केलं तर दोन वेगळ्या रचना ऐकू येऊ शकतात, आणि दोन्ही प्रामाणिक असतात. मला या परंपरेचं सर्वांत मोठं वैभव हेच वाटतं.

अर्थात शिकाऊ विद्यार्थी दापू करत नाही. तो गुरूसमोर बसून हात पाहतो, लय कानाने घेतो. आजच्या पुस्तकांत जुन्या चिन्हांच्या जोडीला अंकलिपी किंवा पाश्चात्त्य स्वरलिपीही छापतात. ती आधाराला घ्यावी, पण मला विचाराल तर आधी रचना ऐकून गुणगुणता यावी, मगच तारेला हात लावावा. गुझेंगला सुरुवात कागदावरून केली तरी चालून जातं. गुचिनला नाही.

ऐकण्यासाठी शोधताना मात्र सावध राहा. ‘उंच पर्वत, वाहतं पाणी’ या नावाची रचना दोन्ही वाद्यांवर आहे, पण ती एक नव्हे. गुचिनवर आज ‘पर्वत’ आणि ‘पाणी’ या दोन स्वतंत्र रचना आहेत. त्यातली ‘पाणी’ 1977 साली व्हॉयेजर या अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली, तीही क्वान फिंगहूंच्याच हातची. गुझेंगवर त्या नावाने जे वाजतं त्याचं संगीतच निराळं, शिवाय प्रांताप्रांतांत त्याची वेगवेगळी रूपं आहेत. तेव्हा स्वरलिपी उतरवून घेण्याआधी रचनेच्या नावाबरोबर वाद्याचं नावही तपासा, आणि गुझेंग असेल तर कोणत्या प्रांताचं रूप आहे तेही.