हाडांतील मेटास्टेसिस : उपचारांनंतरचे बदलते स्वरूप

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड आदी अवयवांचा कर्करोग हाडांत पसरल्यावर तेथे पडणारे डाग उपचारांनंतर तपासणीत वेगळे दिसू लागतात. मूत्रपिंड व थायरॉइडचे डाग बहुधा हाड पोखरणारे, म्हणून एक्स-रेवर काळे. प्रोस्टेटचे बहुधा घट्ट, पांढरे. स्तनाचे दोन्ही प्रकारचे.

पोखरलेला डाग भरू लागला की आधी त्याच्या कडेला पांढरी किनार येते. नवे हाड कडेकडून आत सरकते आणि काही महिन्यांत पूर्ण डाग पांढरा होऊ शकतो. पूर्वी न दिसलेला बारीक डागही भरताना प्रथमच नजरेस येतो व नवा वाटतो. ही सुधारणा असूनही ती रोगवाढ समजली जाण्याचा धोका असतो.

बोन स्कॅनवर हा घोटाळा अधिक होतो. या तपासणीसाठी शिरेतून दिलेले टेक्नेशियमयुक्त किरणोत्सारी द्रव्य कर्कपेशींवर नव्हे, तर नवे हाड घडण्याच्या जागी साठते. त्यामुळे उपचार लागू पडल्यावरही डाग अधिक गडद होतात. यास ‘फ्लेअर’ म्हणतात. काहींनी त्याचे कारण वाढलेल्या रक्तपुरवठ्यात शोधले. तथापि त्याच जागी सीटीवर हाड घट्ट होताना दिसते, त्यामुळे हाड घडवणाऱ्या पेशींची दुरुस्ती हे स्पष्टीकरण अधिक पटते. फ्लेअर साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, क्वचित सहा महिन्यांपर्यंत टिकतो. म्हणूनच प्रोस्टेट कर्करोगाच्या २००८ च्या निकषांनुसार उपचारांनंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये दोन वा अधिक नवे डाग दिसले तरी पुढच्या स्कॅनमध्ये आणखी किमान दोन वाढल्याशिवाय रोगवाढ मानत नाहीत. मुळात घट्ट असलेल्या डागांचा निर्णय सर्वांत अवघड. गाठींचा उपचारांना प्रतिसाद मोजण्याच्या २००९ च्या सुधारित रेसिस्ट निकषांत ते मोजण्याजोगे धरलेले नाहीत. पेट-सीटी या स्कॅनवर मात्र कर्कपेशींचे साखर शोषण्याचे प्रमाण घटल्याचे दिसू शकते.

डागांतील हे बदल कर्करोगाच्या नोंदणीतही सापडत नाहीत. मराठवाड्यातील भूम व परंडा हे तालुके १९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी ग्रामीण कर्करोग नोंदणीच्या क्षेत्रात येतात. अशी नोंदणी मूळ कर्करोगाची असते. हाडांतील डाग पुढे कसे बदलले, हे तीतून कळत नाही. केमो एका गावी, शेक (किरणोपचार) दुसऱ्या गावी आणि स्कॅन तिसरीकडे झाला असेल, तर डाग भरतो आहे की पसरतो आहे हे आधीच्या तपासणीशी ताडूनच ठरते. त्यासाठी केवळ अहवालाचा कागद पुरत नाही. उपचारांपूर्वीची मूळ फिल्म किंवा सीडी लागते.